सहा महिने दारू सोडा, मगच लिव्हर: हा नियम ठेवावा की काढावा?

वैशाली, मिरज

दारूमुळे लिव्हर गेलेल्या माणसाला ट्रान्सप्लान्टसाठी नेलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "शेवटची कधी घेतली?" उत्तर सहा महिन्यांच्या आतलं असेल तर फाइल तिथंच थांबते. काही सेंटर तीन महिन्यांवर भागवतात, पण तारखेवरून माणूस ठरवायची पद्धत तीच. माझं म्हणणं सरळ आहे: हा नियम या स्वरूपात बंद व्हायला हवा.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी रुग्णाला प्रतीक्षायादीवर घेण्याचे किमान निकष ठरवले, त्यात सहा महिन्यांची अट पक्की झाली आणि तिथून ती जगभर गेली. कारणं दोन सांगतात. एक, दारू थांबल्यावर लिव्हर कधीकधी स्वतःच सावरतं आणि ऑपरेशनची गरजच उरत नाही. दोन, माणूस खरंच सोडतोय का ते कळतं. ज्याचा सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याचा आजार, हळूहळू वाढतोय त्याच्यासाठी हे मला मान्य आहे. पण तीव्र अल्कोहोलिक हेपटायटिसमध्ये, म्हणजे दारूमुळे लिव्हरला जोराची सूज येते तेव्हा, जिथं स्टिरॉइडलाही दाद मिळत नाही, तिथं दहातले सातएक जण सहा महिन्यांच्या आतच जातात. त्यांना "सहा महिन्यांनी या" म्हणणं म्हणजे "येऊ नका" म्हणणंच आहे.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी अशाच २६ रुग्णांवर, सहा महिने न थांबता ट्रान्सप्लान्ट केलं होतं. सहा महिन्यांनी त्यांतले ७७ टक्के जिवंत होते. ज्यांना लिव्हर मिळालं नाही अशा तशाच रुग्णांमध्ये २३ टक्के. आणि २६ पैकी पुन्हा प्यायले किती? तीन.

माझा आतेभाऊ अडतीस वर्षांचा होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. एका मोठ्या हॉस्पिटलनं डिस्चार्ज कार्डावर "दारू बंद, सहा महिन्यांनी ट्रान्सप्लान्ट ओपीडी" एवढं लिहून घरी पाठवलं. पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही. कार्डावर सही करणाऱ्यालाही ते माहीत होतं, असं मला वाटतं.

शिरीष, नाशिक

वैशालीताई, आतेभावाबद्दल वाईट वाटलं. तरी मी विरुद्ध बाजूचा आहे.

आपल्या देशात दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकसुद्धा मेंदूमृत दाता मिळत नाही. झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीवर माणसं थांबून थांबून जातात. त्यात जन्मजात दोषामुळे लिव्हर गेलेली मुलं आहेत, हेपटायटिस बी झालेली माणसं आहेत. एक लिव्हर आतेभावाला दिलं असतं, तर ते दुसऱ्या कुणाला तरी मिळालं नसतं. त्या दुसऱ्याचे नातेवाईक इथं लिहायला येत नाहीत, कारण आपला माणूस नेमका कुणामुळे राहिला हे त्यांना कधीच कळत नाही.

दुसरं, हा सगळा डोलारा परक्या माणसाच्या विश्वासावर उभा आहे. अपघातात पोरगा गेलाय, आयसीयूच्या बाहेर बाप उभा आहे आणि समन्वयक त्याला अवयवदानाबद्दल विचारतोय. त्या बापाला हे लिव्हर पुन्हा दारूत जाईल अशी शंका आली तर तो सही करणार नाही. जॉर्ज बेस्ट या फुटबॉलपटूला २००२ मध्ये लंडनला सरकारी आरोग्यसेवेतून लिव्हर मिळालं. वर्षभरात तो पुन्हा प्यायला लागला आणि २००५ मध्ये गेला. तेव्हा लोक किती संतापले होते ते आठवा.

आणि माझा सगळ्यात मोठा मुद्दा वेगळाच आहे. तारखेला वशिला लागत नाही. "प्रत्येकाचं स्वतंत्र मूल्यमापन करा" हे ऐकायला छान वाटतं. पण समितीसमोर एक बिल्डर येईल, बायको, मुलगा, खासगी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र असं सगळं घेऊन. आणि एक हमाल येईल, एकटा. "कौटुंबिक आधार चांगला" हा शेरा कुणाच्या फाइलवर पडेल? सहा महिने दोघांनाही सारखेच असतात.

डॉ. मेघना (पोटविकार विभाग)

शिरीष यांचा वशिल्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तो आमच्या बैठकांमध्ये कुणी बोलत नाही. पण बाकीच्याबद्दल थोडं.

पुढं कोण पिणार हे ओळखायला सहा महिन्यांचा आकडा फारसा कामाचा नाही. आजाराची जाणीव आहे का, आधी उपचार घेऊन किती वेळा पुन्हा सुरू झाली, नैराश्य आहे का, दुसरं व्यसन आहे का, घरी कोण आहे, यांवरून जास्त कळतं. सहा महिने न थांबता केलेल्या ट्रान्सप्लान्टचा अमेरिकेतल्या १२ सेंटरचा २०१८ चा अहवाल आहे, १४७ रुग्णांचा. वर्षानंतर ९४ टक्के जिवंत, तीन वर्षांनी ८४ टक्के. पण तीन वर्षांत सुमारे एक-तृतीयांश लोकांनी कधी ना कधी दारू घेतली होती. वैशाली, "२६ पैकी तीन" एवढंच सांगून थांबता येत नाही. एखादवेळ घसरणं आणि रोजचं पिणं सुरू होणं यांत फरक आहे, आणि जीव जातो तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारात. तरीही एक-तृतीयांश हा आकडा दात्याच्या घरच्यांपासून लपवू नये.

फ्रान्सच्या अभ्यासातली निवडही फार कडक होती. लिव्हरचा हा पहिलाच झटका असला पाहिजे, म्हणजे आधी कुणी "दारूनं लिव्हर खराब झालंय" असं सांगूनही पीत राहिलेला माणूस नको. घरचे सोबत हवेत. आणि नर्सपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचं एकमत हवं. एकजण नाही म्हणाला तरी नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मधुमेह आणि लठ्ठपणामुळे लिव्हर गेलेला रुग्ण येतो. वर्षानुवर्षं डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलेलं असतं. त्याला आम्ही "सहा महिने गोड सोडून दाखवा, मग यादीवर घेतो" असं म्हणत नाही. दारूच्या रुग्णाला म्हणतो. त्यात वैद्यकशास्त्र किती आणि राग किती, हे आम्हा डॉक्टरांनी एकदा तपासायला हवं.

शिरीष, नाशिक

डॉक्टर, लठ्ठ माणूस घरी बायकोला मारत नाही. पगार गुत्त्यावर उडवत नाही. समाजाचा राग हवेतून आलेला नाही.

डॉ. मेघना

बरोबर आहे. पण बायकोला मारणाऱ्या, न पिणाऱ्या माणसाचं लिव्हर गेलं तर त्याला आम्ही यादीवर घेतोच ना? चारित्र्यावरून अवयव वाटायचे असतील तर सगळ्यांनाच ती फूटपट्टी लावावी लागेल. ती कुणाच्या हातात द्यायची?

कराडची_लेक

खरं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल.

तुम्ही सगळे यादी यादी करताय. आपल्याकडं बहुतेक लिव्हर यादीतून येतच नाही, घरातून येतं. जिवंत माणसाच्या पोटातून. आणि घरात कुणाच्या? १९९५ ते २०२१ या काळात देशात सगळ्या अवयवांची मिळून ३६,६४० प्रत्यारोपणं झाली असं राष्ट्रीय संस्थेचे, नोट्टोचे, आकडे सांगतात. त्यांत बायकांना अवयव मिळाले ६,९४५ वेळा. बाकी सगळे पुरुष. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायका जास्त. आमच्या घरात यादी म्हणजे मी होते.

नवरा पीत होता, लग्नाआधीपासून. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, लिव्हर लागेल म्हणाले. दिराचा रक्तगट जुळत होता, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही, त्याला कमवायचं होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझं कुंकू आहे ते." हॉस्पिटलमध्ये एका फॉर्मवर प्रश्न होता: आपल्यावर कोणाचा दबाव आहे का? हो किंवा नाही. काचेच्या दाराबाहेर नणंद माझी पर्स धरून बसली होती, आणि मी "नाही"वर टिक केली.

तेव्हा सहा महिन्यांच्या अटीनं मला वाचवलं. डॉक्टरांनी आधी दारू बंद करायला सांगितलं म्हणून तारीख पुढं गेली. त्या वेळात एका डॉक्टर बाईंनी मला एकटीला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा मी काहीच बोलले नाही. दुसऱ्यांदा बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं नसेल तर मी घरच्यांना एवढंच सांगेन की तुमचं लिव्हर चालणार नाही. कारण सांगायला मी बांधील नाही."

तिसऱ्या महिन्यात नवऱ्यानं पुन्हा घेतली. मी डॉक्टर बाईंना नको म्हणून कळवलं. तो गेला. सासरी अजूनही सगळ्यांना वाटतं, माझं लिव्हर जुळलं नाही.

वैशालीताई, तुमच्या आतेभावाला लवकर मिळायला हवं होतं हे मला समजतं. पण नियम काढला असता तर मला त्याच आठवड्यात टेबलावर घेतलं असतं. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

वैशाली, मिरज

ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

मला एक विचारायचंय, वाद म्हणून नाही. बरेच जण उलटं म्हणतात: यादीतलं लिव्हर सगळ्यांचं, म्हणून तिथं सहा महिने ठेवा. घरातला माणूस आपलं स्वतःचं देतोय, त्यात तिसऱ्याचं काही जात नाही, म्हणून तिथं अट नको. मीही तसंच धरून चालले होते. तुमच्या अनुभवानं ते उलटं होतं का?

फक्त_आजचा_दिवस

मी अल्कोहोलिक आहे. अकोल्याचा. लिव्हर थोडक्यात वाचलं, ट्रान्सप्लान्टपर्यंत गेलो नाही, पण त्या ओपीडीच्या बाकावर बसलोय.

तुम्ही सहा महिने ठेवा नाहीतर काढा, बेवड्याला तो आकडा सांगितला की तो दिवस मोजतो. दिवस मोजणं म्हणजे सोडणं नव्हे. तपासणीच्या आधीचे चार दिवस बंद ठेवायचे, बायकोला "सांगशील तर बघ" म्हणायचं, हे मी स्वतः केलंय. आता पेथ नावाची रक्तचाचणी आहे, ती मागच्या दोन-चार आठवड्यांतलं पिणं पकडते. ती तारीख न सांगता करा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

पण मला राग वेगळ्या गोष्टीचा आहे. आतेभावाच्या कार्डावर "दारू बंद" लिहिलं. कशी बंद, कुणाकडे जाऊन, हे लिहिलं का? रोज पिणाऱ्यानं घरी एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावतो. ज्या आजारासाठी १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या) मीटिंगा गावोगाव भरतात, तो आजार आहे हे त्या कार्डाला माहीतच नव्हतं. हृदयाच्या रुग्णाला "छाती दुखू देऊ नका, सहा महिन्यांनी या" असं कुणी लिहिल का?

माझं मत: अट हवी. दया नको आम्हाला, दयेवर आम्ही आणखी पितो. पण अट महिन्यांची नको, उपचाराची हवी. केंद्रात दाखल झाला का, मीटिंगला येतो का, घरचे सहचरी गटात, म्हणजे रुग्णांच्या बायकांच्या आधारगटात, जातात का, पेथ कोरी येते का. आणि ट्रान्सप्लान्ट झाल्यावरही हे सगळं चालू. ऑपरेशननं लिव्हर बदलतं, मी तोच राहतो.

शिरीष, नाशिक

दादा, तुमचं पटतं. पण दाखल व्हायचे, औषधांचे पैसे त्या हमालानं कुठून आणायचे? मुळात ऑपरेशनलाच वीस-पंचवीस लाख लागतात. उपचाराची अट घातली की तीही पैशांची अट होते. म्हणून मी पुन्हा म्हणतो, यादीतल्या लिव्हरसाठी तारीख ठेवा. हवं तर डॉक्टरांनी सांगितली तेवढीच पळवाट ठेवा: पहिलाच झटका, स्टिरॉइड निकामी, सगळ्यांचं लेखी एकमत. आणि कुणाला नाकारलं, का नाकारलं, हे नाव न देता दरवर्षी जाहीर करा. मग बिल्डर किती आणि हमाल किती, ते दिसेल.

दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याला दरवर्षी हजारो कोटी मिळतात. प्रत्येक ट्रान्सप्लान्ट सेंटरमध्ये एक व्यसनमुक्ती समुपदेशक त्या पैशातून नेमा, तोही रुग्णाला फुकट. मग मी उपचाराच्या अटीला हो म्हणेन. तोवर नाही.

डॉ. मेघना

नाकारलेल्यांची कारणं जाहीर करायची सूचना फार चांगली आहे. आमच्याकडे यादीवर आलेल्यांची नोंद असते. दारातून परत गेलेल्यांची कुठंच नसते, म्हणजे वैशालीच्या भावासारखी माणसं आमच्या आकडेवारीत नाहीतच.

कराडच्या ताईंना भेटलेल्या डॉक्टर बाईंसारखं दात्याला एकटं गाठून विचारणं सगळीकडे व्हायला हवं. जवळच्या नातेवाइकाच्या बाबतीत मंजुरी साधारणपणे हॉस्पिटलच्याच पातळीवर होते. रुग्ण बरा व्हावा म्हणून धडपडणाऱ्या टीमनंच दात्याला "तुमची इच्छा आहे ना?" विचारायचं, हे चुकीचं आहे. दात्याचा डॉक्टर आणि समुपदेशक पूर्ण वेगळे हवेत. लिव्हरचा उजवा भाग देणाऱ्या निरोगी माणसाचाही हजारात एक ते पाच इतक्या वेळा मृत्यू होतो. हे दात्याला त्याच्या भाषेत, घरचे बाहेर असताना सांगितलं पाहिजे.

वैशाली, मिरज

मग तीव्र हेपटायटिसच्या रुग्णासाठी घरातल्या दात्याचं काय करायचं? तिथं वेळच नसतो. यादीतून मिळणार नाही आणि घरातून घाईनं घ्यायचं नाही, असं म्हटलं तर आपण फिरून त्याला मरायलाच सोडलं.

कराडची_लेक

ताई, तुम्ही मघाशी विचारलंत त्याचं उत्तर देते. हो, माझ्यासाठी ते उलटंच आहे. यादीतलं लिव्हर देणारा गेलेला असतो, त्याला कुणी घाबरवू शकत नाही. घरातल्याला घाबरवता येतं. म्हणून वेळ घरातल्याला जास्त हवा.

सहा महिनेच हवेत असं माझं म्हणणं नाही. तुमच्या भावासारख्याला पंधरा दिवसच असतील तर पंधरा दिवस. पण त्या पंधरा दिवसांत देणारीला निदान दोनदा एकटीला भेटा. मी पहिल्या भेटीत बोलले नव्हते. आणि आधी घरात विचारा की भाऊ का नाही, बाप का नाही. ते उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या, त्यांच्या सहीनं.