सगळ्यांना ‘कनिंग’ नको

‘लबाड’ला इंग्रजीत काय म्हणायचं, या प्रश्नावर एकाने सरसकट ‘कनिंग’ सुचवलंय, ते मला पटत नाही. त्यात हुशारी गृहीत धरलेली असते. ‘स्नीकी’ म्हणजे गुपचूप, चोरून करणारा. ‘शिफ्टी’ म्हणजे नजर चुकवणारा. पण खरा उपयोगी शब्द ‘डिसइन्जेन्युअस’: सगळं माहीत असून भोळेपणाचा आव आणणारा. ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघताना एजंटला पाण्याचं विचारलं. गेटाशी टँकर उभा, पाइप टाकीत सोडलेला, आणि हा म्हणतो, ‘अहो ताई, मला खरंच कल्पना नाही!’ याला ‘कनिंग’ म्हटलं तर उगाच हुशारीचं श्रेय मिळतं. ‘डिव्हियस’ मूळ लॅटिन, वाट सोडून गेलेला. आडमार्गाने काम साधणाऱ्याला चपखल बसतो. ‘श्रूड’ मात्र ‘लबाड’साठी वापरूच नका. आज तो धोरणी माणसाच्या कौतुकाला वापरतात.