सेल्फ फिरतो, गाडी उठत नाही: सोसायटी ग्रुप, मांजलपूर, बडोदा

शैला मावशी, ए-101: पहाटे साडेपाचपासून गेटसमोर घर्र घर्र कोण करतंय? माणसं राहतात इथे. गाडी गेटसमोरून हलवा.

विवेक, बी-104: सॉरी मावशी, माझीच आहे. रात्री चांगली आली, आता उठतच नाही. सेल्फ (स्टार्टर मोटर) मस्त फिरतोय. आईला 9 वाजता दवाखान्यात न्यायचंय. माझ्या जागेवर कुणाची तरी ॲक्टिव्हा होती म्हणून गेटपाशी लावली.

पराग, बी-302: कुणाची तरी म्हणजे? नाव घे ने. जागेचा विषय मीटिंगमध्ये झालाय.

बाळूकाका: 🌹 शुभ सकाळ. आनंदी राहा, हसत राहा 🌹

सेक्रेटरी: पार्किंगचं नंतर बघू. आधी गाडीचं बोला, कृपया.

रोहन, सी-401: धक्का मारू या? जिमची मुलं खालीच आहेत.

नाना, सी-203: धक्का बॅटरी बसली तर मारायचा. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे इंजिन फिरतंयच, धक्क्याने आणखी काय फिरवणार? आणि विवेक, तू थांब आधी. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, मग दोन मिनिटं गप्प बसायचं. नाहीतर सेल्फ जळेल, बॅटरी बसेल आणि मग खरंच धक्का मारावा लागेल.

विवेक: थांबलो नाना. टाकीत डिझेल आहे, कालच भरलंय.

नाना: कुणाला तरी मागे उभं कर आणि एकदाच सेल्फ मार. सायलेन्सरमधून धूर येतो का ते बघ.

शैला मावशी: गाडी गेटसमोरून हलवा. दूधवाला सायकल रस्त्यावर सोडून आत आला.

रोहन: मी मागे उभा होतो. धूर नाही. जरासुद्धा नाही.

नाना: मग डिझेल सिलेंडरपर्यंत जातच नाहीये. पांढरा धूर आला असता तर डिझेल जातंय पण पेटत नाही असं म्हटलं असतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवाच दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. इथे फवाराच नाही.

पराग: हीटर, म्हणजे सिलेंडर तापवणारे ग्लो प्लग, गेले असतील. माझ्या भावाच्या गाडीचे नागपूरला गेले होते, सेम टू सेम.

नाना: नागपूरला डिसेंबरात गेले असतील. बडोद्यात आत्ता पहाटेही बनियन भिजतंय. या हवेत हीटर मेले तरी गाडी खोकत का होईना उठते.

पराग: मी आपलं सुचवलं. इथे बोलायलाही परवानगी लागते का?

रोहन: विवेकदादा, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का? इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखली नाही तर सेल्फ फिरतो, पण डिझेल सोडत नाही.

नाना: शाब्बास. आरपीएमचा काटाही बघ. सेल्फ मारताना थरथरला पाहिजे. सपाट झोपून राहिला तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय.

विवेक: चावीचा दिवा विझतो. काटा थरथरतो. एक वेगळाच पिवळा दिवा मात्र जात नाही, थेंबासारखं चित्र आहे.

अनघा, बी-104: तो दिवा आषाढी एकादशीपासून लागतोय. मी सांगितलं होतं.

विवेक: हे आत्ता ग्रुपवर?

अनघा: घरी कुठे ऐकतोस.

नाना: थेंब म्हणजे डिझेल फिल्टरमध्ये पाणी. वहिनी, तुम्हीच गाडी बघत जा.

पराग: पाणी? मग पुराचंच. ऑगस्ट 2024 मध्ये आजवा धरणाचं पाणी सुटलं, विश्वामित्री नदी आत आली, तेव्हा ही गाडी तळघरात होती. तळघराच्या पंपाचे पैसे वेळेवर मंजूर झाले असते तर.

सेक्रेटरी: पंपाचे पैसे कोणी अडवले ते मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे, परागभाई. फोटो टाकू का?

शैला मावशी: त्या पुरात आमच्या गल्लीत मगर आली होती. पण ती निदान आवाज न करता आली. गाडी गेटसमोरून हलवा.

नाना: पुराचं पाणी इतके दिवस शांत बसत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि नळी तळाजवळूनच ओढते. तेव्हाच बंद पडली असती. भर पावसात भरलेल्या डिझेलमधून आलं असेल, नाहीतर झाकणातून. शिवाय विवेक कायम पाचशेचं डिझेल टाकतो. टाकी अर्धी रिकामी राहिली की पावसाळ्यात आत दव धरतं.

समीर, ए-303: माझ्याकडे स्टार्टिंग स्प्रे आहे. हवेच्या नळीत फुस्स केलं की उठेल.

नाना: खबरदार! त्यात पटकन पेटणारं ईथर असतं. हीटर तापलेला असला तर सिलेंडरमध्ये अवेळीच भडका होईल.

पराग: मग इंजेक्टरचा (डिझेल फवारणाऱ्या नोझलचा) पाइप ढिला करून सेल्फ मारा. डिझेल येतंय का लगेच कळतं. आमच्या जीपला असंच करायचो.

नाना: जीप जुन्या पंपाची. ही कॉमन रेल आहे, एकाच जबर दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल. हिच्या पाइपातला फवारा कातडी फोडून आत जातो, हात कापायची वेळ येते. मी पाना घेऊन उतरतोय, कुणी काही खोलू नका.

समीर: हे 1.3 चं फियाटवालं इंजिन ने? यालाच देशाचं नॅशनल इंजिन म्हणायचे. स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा, सगळ्यांत हेच.

बाळूकाका: आमच्याकडे पद्मिनी होती. हँडल मारलं की चालू.

शैला मावशी: बाळूभाऊ, ते हँडल असेल तर गेटवर पाठवा. गाडी हलत नाहीये.

रोहन: अपडेट. नानांनी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला, खाली रिकामी बाटली धरली. तळाला चार बोटं गढूळ पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधोमध काळा बुळबुळीत थर, साईसारखा लोंबतोय. फोटो टाकतो.

अनघा: ईईई. नाश्त्याच्या वेळेला?

नाना: तो थर जंतूंचा. पाणी आणि डिझेल भेटतात तिथेच वाढतो, फिल्टर तोच चोंदवतो. आता डिझेल ओढायचा हातपंप मारतोय. पोकळ लागतोय म्हणजे लाइनने एअर धरलीय. कडक होईपर्यंत मारायचा. रेलमध्ये साधारण 200 बार दाब बसल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत, मग सेल्फ कितीही फिरवा.

विवेक: सव्वाआठ झाले. आईला रिक्षाने नेतो.

पराग: रिक्षा कशाला? आईला खाली आण. मी गाडी काढतो.

रोहन: उठली!! आधी दोनदा खोकली, भकाभका पांढरा धूर, आता एकसारखी चालतेय.

शैला मावशी: तो धूर माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर आला आहे.

नाना: उठली म्हणून गावभर फिरवू नका. गेटवरून काढून आत लावा, बस. नवा फिल्टर, टाकीचा तळ साफ, हे झाल्याशिवाय चावी लावायची नाही. पंपाला आणि इंजेक्टरला डिझेलचंच वंगण असतं. पाणी गेलं तर आतून खरवडले जातात आणि मग खर्च विचारू नका. ती बाटली नाल्यात ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

सेक्रेटरी: आत कुठे लावणार? बी-104 च्या जागेवर ॲक्टिव्हा अजून आहे.

पराग: दवाखान्यात पोचलो, नंबर लागलाय. ॲक्टिव्हाची चावी आमच्या फ्रिजवर आहे, बेल वाजवून घ्या. आणि माझी जागा रिकामी दिसली म्हणून तिथे कुणी काही लावू नका.