मदत हवी आहे: शनिवारच्या घंटेच्या मॅचवर एक पान लिहायचंय, गुरुवारपर्यंत

तुळशीकट्टा (सोमवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थेट विचारते. शनिवारी घंटेची मॅच आहे आणि आमच्या मंडळाची बस निघणार आहे. बावीसजण आहेत, त्यांतल्या तिघांनाच फुटबॉल कळतो. बाकीच्यांना बसमध्ये वाचायला एक पानाचा मजकूर हवाय: कोण भारी, काय बघायचं, कुठे लक्ष ठेवायचं. गुरुवारी रात्री प्रिंटला द्यायचाय.

दोन्ही टीमचे या मोसमातले सगळे आकडे कॉलेजांच्या साइटवरून उतरवून घेतलेत. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. बँकेचं पासबुक वाचतोय असं वाटतं. काय ठेवू आणि काय गाळू? ज्यांनी असं काही लिहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

कोकणकडा (९:५२)
कुठली घंटा? आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो की हेल्मेटवाला?

सिनसिनाटीकर (१०:०५)
हेल्मेटवालाच. पण ताई, घंटा काही एकच नाही. आमच्याकडे सिनसिनाटी आणि ओहायोची मायामी युनिव्हर्सिटी व्हिक्टरी बेलसाठी भिडतात. यूसीएलए आणि यूएससीची व्हिक्टरी बेल वेगळी, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाची आणखी वेगळी. तुमची कोणती, ते सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

तुळशीकट्टा (१०:११)
मोनॉन बेल हो! वॉबॅश विरुद्ध डिपॉ. इंडियानात घंटा म्हटलं की दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून लिहायचं राहिलं.

जरीपटका (१०:३०)
इंडियानात राहता आणि बस घेऊन डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटातल्या, मॅचला जाता? साउथ बेंडला जा. नोटर डेमचं स्टेडियम सत्याहत्तर हजारांवर माणसांचं आहे, फुटबॉल काय चीज आहे ते तिथे कळतं. बावीस नवीन माणसांना पहिल्यांदा खेळ दाखवायचा तर सगळ्यात मोठा दाखवावा. लहान कॉलेजांत स्कॉलरशिपवरचे खेळाडूच नसतात, मग दर्जा कुठून येणार?

पाहुणा_क्रॉफर्ड्सव्हिलचा (११:०२)
जरीपटका, तुम्ही नोटर डेमचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९०५ साली वॉबॅशने साउथ बेंडमध्ये जाऊन नोटर डेमला ५-० हरवलंय. तेव्हा टचडाऊनचे, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाच होते, सहा १९१२ पासून झाले. १८९९ ते १९२८ एवढ्या काळात नोटर डेम स्वतःच्या मैदानावर हरलं ते त्याच एका दिवशी. वॉबॅशच्या टीमला 'लिटल जायंट्स' हे नाव उगाच पडलेलं नाही.

ताई, माझा मुलगा चार वर्षं वॉबॅशला होता, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या पानाची सुरुवात आकड्यांनी करूच नका, घंटेने करा. वजन तीनशे पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो. मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची घंटा. ही रेल्वे वॉबॅशच्या क्रॉफर्ड्सव्हिलवरूनही जायची आणि डिपॉच्या ग्रीनकॅसलवरूनही. दोन गावांत अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. १८९० पासून ही कॉलेजं एकमेकांशी खेळताहेत, घंटा आली १९३२ साली. अर्धी लाल, अर्धी सोनेरी. जिंकणारा ती वर्षभर आपल्याकडे ठेवतो.

आणि घंटेसाठीची पहिलीच मॅच ०-० सुटली होती!

आकडेमोड (११:२०)
इतिहास दोन ओळींत उरका. ताईंनी मॅचआधीचा अंदाज मागितलाय, ऐतिहासिक लेख नाही. मला आधी हे हवं: मैदान कुणाचं? वारा किती सांगितलाय? क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ सुरू करून पास टाकणारा, दोघांचेही शाबूत आहेत का?

तुळशीकट्टा (११:२६)
मैदान क्रॉफर्ड्सव्हिलचं. हवामान थंड आणि वारं, अजून चार दिवस आहेत. क्वार्टरबॅकचं कसं कळणार?

आकडेमोड (११:४८)
बाहेरच्या माणसाला खात्रीने कळत नाही. म्हणून गेल्या तीन मॅचचे बॉक्स स्कोअर (खेळाडूवार आकड्यांचे तक्ते) उघडा आणि कोण किती पास टाकतोय ते बघा. नेहमीचा मुलगा तिसऱ्या क्वार्टरनंतर दिसत नसेल, तर एक तर मॅच आधीच हातात आली होती, नाही तर दुखापत. स्कोअर शेजारी ठेवला की कोणतं ते उमगतं.

बाकी मोसमाची बेरीज फेकून द्या. चार गोष्टी काढा. तिसऱ्या डाऊनवर, म्हणजे पुढे सरकायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर, कोण किती वेळा पुढे सरकतो. बॉल गमावला किती आणि हिसकावला किती. दंडाचे यार्ड. आणि किकर चाळीस यार्डांच्या पलीकडून किती मारतो. मग दोघांनीही ज्यांच्याशी खेळून झालंय अशा टीम घ्या. दोघंही नॉर्थ कोस्ट कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटात आहेत, विटेनबर्ग, डेनिसन यांच्याविरुद्ध दोघांचं काय झालं ते शेजारी शेजारी मांडा. दुबळ्या टीमवर केलेले साठ गुण काहीच सांगत नाहीत.

नंदादीप (मंगळवार, सकाळी ७:१५)
माझा भाचा बारावीला आहे, उंची सहा फूट एक इंच, व्हॉलीबॉल उत्तम. डिव्हिजन थ्रीमध्ये स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळेल का? कुणाशी बोलावं?

पाहुणा_क्रॉफर्ड्सव्हिलचा (८:०४)
डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, नियमच आहे. मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर. आणि वॉबॅशला व्हॉलीबॉलसाठी विचारायला जाण्याआधी ते फक्त मुलांचं कॉलेज आहे हे भाच्याला सांगा, अमेरिकेत आता अशी मोजकीच उरलीत. डिपॉमध्ये मुलं-मुली दोन्ही. सविस्तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

जरीपटका, दर्जाबद्दल काल उत्तर द्यायचं राहिलं. ही मुलं पैसे न घेता खेळतात. सकाळी केमिस्ट्रीची लॅब, दुपारी सराव. शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी बहुतेकांची आयुष्यातली शेवटची मॅच म्हणजे हीच. पुढे काही नाही. ताई, हे पानावर आलंच पाहिजे. तुमची माणसं मोठ्या कॉलेजांच्या मॅच टीव्हीवर कधीही बघतील, पण एकविसाव्या वर्षी हेल्मेट कायमचं काढून ठेवणारी पोरं दहा फुटांवरून दिसणार नाहीत.

जरीपटका (८:४०)
भावना मान्य. पण त्यातून एकही एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जात नाही, हेही लिहा मग.

सिनसिनाटीकर (९:०१)
चूक. पीट मेत्झेलार्स वॉबॅशचा. १९८२ साली सिएटलच्या टीमने घेतला, एनएफएलमध्ये सोळा मोसम काढले, बफेलोकडून चार सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) खेळला. आणि त्याच १९८२ साली वॉबॅश बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन थ्रीचं विजेतं झालं, त्या टीमचा कणाही तोच.

शब्दवेल्हाळ (१०:१०)
एक विनंती. मराठीत लिहिताय तर डाऊन, यार्ड, टचडाऊन असं सरसकट नको. डाऊनला 'डाव' म्हणा, क्वार्टरबॅकला 'सूत्रधार'. आपल्याकडे शब्द आहेत.

आकडेमोड (१०:१९)
अजिबात नको. स्टेडियममध्ये माईकवरून 'थर्ड डाऊन' असंच पुकारणार. पानावर 'तिसरा डाव' वाचलेल्या काकूंना काय कळणार? आणि डाव म्हणजे क्रिकेटची इनिंग, सगळा घोळ होईल.

शब्दवेल्हाळ (१०:३३)
पहिल्यांदा येतो तिथे समजावून सांगा, मग इंग्रजी चालवा, एवढंच म्हणणं आहे. 'सूत्रधार' मात्र मला अजून योग्य वाटतो. सगळ्यांच्या जागा त्याला माहीत असतात आणि खेळ तोच सुरू करतो.

घाटपायथा (११:४५)
मी शाळेत कबड्डी शिकवायचो. नवख्यांना समजवायचं तर कबड्डीशी जोडा. रेडर जसा रेषा ओलांडतो, तसा हा बॉल घेऊन रेषा ओलांडतो. बाकीचे पकडतात. पाच मिनिटांत कळेल.

आकडेमोड (१२:०२)
कबड्डीत रेडर एकटा जातो आणि परत येतो. इथे परत यायचंच नसतं आणि दहाजण त्याच्यासाठी वाट मोकळी करत असतात. कबड्डी डोक्यात ठेवून बघितलं तर माणूस फक्त बॉलवाल्याकडे बघत बसेल आणि मॅच जिथे ठरते ती समोरची फळी बघणारच नाही.

घाटपायथा (१२:२०)
मग रस्सीखेच म्हणा. चार जोर, म्हणजे तुमचे चार डाऊन, मिळतात, त्यात दहा यार्ड ओढायचं. ओढलं तर पुन्हा चार जोर, नाही तर दोर समोरच्याच्या हातात. हे तरी पटतंय का?

आकडेमोड (१२:२४)
हे पटलं. ताई, हे घ्या.

तुळशीकट्टा (दुपारी १:१०)
रस्सीखेच घेतली! काका, मनापासून आभार. टचडाऊनचे सहा, नंतरच्या किकचा एक, फील्ड गोल (खेळ चालू असताना खांबांमधून मारलेली किक) तीन, एवढंच लिहितेय. अजून काही लागेल का?

सिनसिनाटीकर (१:३५)
टीव्हीवर एनएफएल बघणारे तिघे आहेत ना, त्यांच्यासाठी दोन ओळी घाला. कॉलेजमध्ये पास झेलताना एक पाय मैदानात पडला तरी पुरतो, एनएफएलला दोन्ही लागतात. आणि कॉलेजमध्ये बॉलवाल्याचा गुडघा टेकला की खेळ तिथेच थांबला, कुणी हात लावलेला असो वा नसो. हे माहीत नसलं की तेच तिघे पंचांवर ओरडतात आणि बाकी एकोणीसजण त्यांचं खरं मानतात.

कोकणकडा (२:१५)
बरोबरी झाली तर? पहिली मॅच ०-० झाली म्हणालात.

सिनसिनाटीकर (२:२२)
आता होत नाही. १९९६ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये ओव्हरटाइम आहे. दोघांनाही पंचवीस यार्डांवरून एकेक संधी. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते रेषेजवळून एकेका खेळात दोन-दोन गुण मिळवायचे प्रयत्न, कुणीतरी चुकेपर्यंत.

तुळशीकट्टा (संध्याकाळी ६:३०)
आणखी एक अडचण. बाबा साताऱ्यातून बघणार आहेत. मॅच एकला सुरू. त्यांना साडेदहाला लॅपटॉप लावायला सांगितलंय, बरोबर ना?

उत्तररात्र (६:४१)
साडेअकराला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. इंडियाना आणि भारतात आता साडेदहा तासांचं अंतर आहे, साडेनऊ नाही. बाबांना आजच फोन करा, नाही तर तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसतील.

तुळशीकट्टा (६:४३)
बरं झालं विचारलं. करते लगेच.

जरीपटका (रात्री ९:१५)
दोन दिवस वाचतोय. पाहुणा, एक प्रामाणिक प्रश्न. ही मॅच दरवेळी चुरशीची होते, की तुम्हाला तशी आठवते?

पाहुणा_क्रॉफर्ड्सव्हिलचा (९:५०)
दरवेळी नाही. २०२२ मध्ये डिपॉने ४९-१४ धुतलं, मी थंडीत शेवटपर्यंत उभा होतो. पण २००१ बघा. २१-२१, शेवटचा खेळ, वॉबॅशच्या क्वार्टरबॅकने बॉल उंच फेकला, आपल्याच एका खेळाडूने तो हवेतल्या हवेत टोलवला आणि दुसऱ्याने झेलून टचडाऊन केलं. २७-२१. आमच्याकडे त्याला नुसतं 'द कॅच' म्हणतात. २००७ मध्ये उलटं: दोन सेकंद उरलेले, डिपॉच्या पहिल्या वर्षाच्या किकरने सत्तेचाळीस यार्डांवरून मारला, २४-२१. मागचा निकाल बघून केलेला अंदाज लागोपाठ दोन वर्षं खरा ठरेल याची कुणी हमी देत नाही.

घंटा चोरण्याचे किस्से तर वेगळेच. १९६५ मध्ये वॉबॅशचा एक विद्यार्थी मेक्सिकोचा पाहुणा अधिकारी बनून डिपॉत गेला आणि घंटा कुठे लपवलीय ते काढून घेऊन आला. मग रात्री घंटा पळवली.

आकडेमोड (१०:०३)
किस्से पुरे. २००७ ची किक मात्र माझ्याच मुद्द्यात बसते: चाळीसच्या पलीकडचा किकर बघा. ताई, वाऱ्याचा अंदाज शुक्रवारी पुन्हा तपासा. वारा ताशी वीस मैलांच्या वर असेल तर पास कमी होतील, धावून नेणाऱ्या टीमला फायदा.

तुळशीकट्टा (बुधवार, रात्री ११:३०)
पहिला परिच्छेद टाकतेय. सांभाळून वाचा, पण चूक असेल तर स्पष्ट सांगा.

"मैदानाच्या कडेला एक घंटा दिसेल. अर्धी लाल, अर्धी सोनेरी, वजन १३६ किलो. एकेकाळी या दोन्ही गावांतून धावणाऱ्या रेल्वेची. लाल कपड्यांतली मुलं वॉबॅशची, काळ्या-सोनेरी कपड्यांतली डिपॉची. सामना रस्सीखेच समजून बघा: चार जोर, दहा यार्ड. बॉल कुणाकडे आहे ते पहिल्या क्वार्टरमध्ये शोधू नका, समोरासमोर वाकून उभ्या असलेल्या दोन फळ्यांकडे बघा, कोणती फळी मागे सरकतेय तेवढं बघा. दुसऱ्या क्वार्टरपासून तिसरा डाऊन आला की बोलणं थांबवा. आणि शेवटी, कोणीही जिंको, दहा मिनिटं जागेवरून उठू नका. त्यांतली कितीतरी मुलं पुन्हा कधीच खेळणार नाहीत."

खाली आकडेमोड यांच्या चार गोष्टींचा छोटा तक्ता, आणि माझा अंदाज: घरच्या मैदानावर वॉबॅश, तीन गुणांनी.

आकडेमोड (११:४४)
तक्ता वर घ्या. बाकी छान. तीन गुणांचा अंदाज मात्र किकरच्या भरवशावर दिसतोय, तसं लिहा.

पाहुणा_क्रॉफर्ड्सव्हिलचा (११:५८)
तक्ता खालीच ठेवा. मी शनिवारी तिथे आहे, लाल टोपी.

घाटपायथा (गुरुवार, सकाळी ६:०५)
ताई, तुमच्या बाबांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. मी कराडला असतो. मॅच दोघं मिळून बघू, रस्सीखेच मी समजावतो.

नंदादीप (७:२०)
बसमध्ये दोन जागा आहेत का? भाचा पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिसला येतोय. शनिवार कोणता म्हणालात, हा की पुढचा?