नकलाकाराला मत म्हणजे मताची माती?

ओसरीवरचा
विनोदी माणूस उमेदवारी भरायला गेला की 'लोकशाहीची थट्टा' म्हणून गळा काढणारे हजर होतात. मला हे पटत नाही. आइसलँडमध्ये २००८ साली तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या, लोक पुढाऱ्यांवर भडकलेले. त्यात योन ग्नार या विनोदी नटाने 'बेस्ट पार्टी' काढली. पोहण्याच्या तलावांवर फुकट टॉवेल, प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल, आणि वर यातलं काहीही पाळणार नाही हेही सांगून टाकलेलं! मे २०१० मध्ये रेक्याविक महापालिकेत १५ पैकी ६ जागा मिळाल्या आणि गडी आघाडी करून महापौर झाला. शहराची वीज आणि गरम पाणी पुरवणारी कंपनी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली. यांनी दर वाढवले, नोकरकपात केली, शिव्या खाल्ल्या. मुरलेल्या पुढाऱ्याने केलं असतं?

तळ्याकाठचा
असहमत. एक रेक्याविक किती दिवस पुरवणार? ग्वाटेमालात जिमी मोरालेस हा टीव्हीवरचा विनोदवीर 'ना भ्रष्ट, ना चोर' म्हणत २०१५ साली राष्ट्राध्यक्ष झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर चालणारा भ्रष्टाचारविरोधी आयोग त्याच्या प्रचाराच्या पैशांपर्यंत पोचला, तेव्हा साहेबांनी आयोगाच्या प्रमुखालाच देशाबाहेर काढायचं फर्मान सोडलं. २०१९ मध्ये आयोगाचा गाशा गुंडाळला.

ओसरीवरचा
मोरालेसने अस्वल कुठे मागितलं होतं? तो स्वच्छ प्रतिमा विकत होता, अगदी गंभीर चेहऱ्याने. तो विनोदी उमेदवार नव्हेच, पूर्वाश्रमीचा विनोदवीर. आपले भगवंत मानही त्याच खान्यात.

मधली_आळी
हे बरंय, जिंकून बिघडला की तो आपला नाही! मग तिरिरिका घ्या. ब्राझीलचा खराखुरा विदूषक, प्रचारात म्हणायचा की याहून वाईट काय होणार आहे. २०१० ला साओ पाउलोतून साडेतेरा लाख मतं. पण तिथे जागा पक्ष आणि आघाडीच्या एकूण मतांवर ठरतात. त्याच्या जास्तीच्या मतांवर आघाडीतले दुसरेच लोक संसदेत पोचले. मतदाराने केला विनोद आणि फायदा झाला तिकीट वाटणाऱ्यांचा. त्यांनी त्याला उभं केलं होतं ते काय हसायला?

ओसरीवरचा
हा मुद्दा मान्य. पण तो मोजणीच्या पद्धतीवर आहे, विदूषकावर नाही.

काकूंचा_पुतण्या
आपल्याकडचं कुणीच काढेना म्हणून. तमिळनाडूत मोडाकुरिचीला १९९६ साली एका विधानसभा जागेसाठी १,०३३ उमेदवार होते. शेतकऱ्यांचा निषेध होता तो. मतपत्रिकेची वही झाली! त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० केली, आता २५,००० आहे. एक षष्ठांश मतं नाहीत तर जप्त. हौशी माणूस संपला. पैसेवाल्याला मात्र नावाशी नाव जुळणारा उमेदवार उभा करायला २५,००० म्हणजे चहापाणी.

तळ्याकाठचा
दिंडोरी २०२४ आठवलं. एकीकडे 'तुतारी वाजवणारा माणूस', दुसरीकडे नुसती 'तुतारी' आणि उमेदवाराचं आडनावही तेच. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. खरा उमेदवार निवडून आला म्हणून बरं. त्यात मतदाराला हसू कुठे येतं, सांगा.

ओसरीवरचा
तेच तर म्हणतोय मी. अस्वलवाला निदान कानात सांगत नाही, चव्हाट्यावर सांगतो की मी थट्टा करतोय.

मधली_आळी
सांगतो, आणि चार वर्षांनी २०१४ ला पुन्हा उभाच राहत नाही. पक्षही गुंडाळला. दरवाढ आवडली नसेल त्याने कुणाला पाडायचं? आघाडीतल्या जोडीदाराला?

काकूंचा_पुतण्या
गेला कुठे? २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, हरला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका नेहमीच्या पक्षातून खासदार झाला. टॉवेल मात्र कुणी मागितले नाहीत वाटतं.