मदत हवी आहे : जांभ्या मातीत बटाट्याला नत्र कसे द्यावे?

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात भातकापणीनंतर आम्ही ५ गुंठ्यांत बटाटा लावतो. जमीन जांभी, आम्लधर्मी आणि भुसभुशीत असल्याने पाण्याबरोबर नत्र लवकर खाली झिरपते. गेल्या वर्षी लागवडीचा युरिया वाया गेला असे समजून दीड महिन्याने मी पुन्हा भरपूर युरिया टाकला. झाडे गर्द हिरवी आणि गुडघ्याएवढी झाली, पण काढणीला सरी उकरली तेव्हा खाली सुपारीएवढेच बटाटे होते. आईने ते ओंजळीत धरून पाहिले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

यंदा निम्मे नत्र लागवडीला आणि निम्मे साधारण ३० व्या दिवशी मातीची भर देताना द्यायचे ठरवले आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नत्र आणि शिवाय गंधक. मात्र त्याने माती अधिक आम्ल होते, आणि आमच्याकडे हीच खरी अडचण आहे. अशा मातीत कोणते खत निवडावे? ठिबकमधून युरिया थोडा थोडा दिल्यास झिरप कमी होते का, आणि तो कितव्या दिवशी थांबवावा? शेणखत घातल्यास युरिया किती कमी करावा? कोकणात बटाटा घेतलेल्यांनी आपला अनुभव मात्रेसह कळवावा, ही विनंती.