पेरॉक्साइडचा कॅन फुगलाय, झाकण ढिलं करायचं का? (तातडीनं मदत हवी)

मंडळी, केमिकलमधल्या जाणकारांनी जरा लवकर सांगा.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत टॉवेल-पंचे ब्लीच करणाऱ्या युनिटमध्ये मी स्टोअर बघतो. ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्लास्टिकचे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये असतात. दुपारी तिथं उभं राहवत नाही. नव्या लॉटमधल्या एका कॅनला मूळचं झाकण नाही. वाटेत सांडायला लागलं म्हणून कुणीतरी दुसऱ्याच कॅनचं गच्च झाकण आवळलेलं दिसतंय. आता त्याच्या बाजू चांगल्याच बाहेर आल्यात, बाकीचे कॅन सरळ आहेत.

आमचे फोरमनकाका म्हणतात, "जरा ढिलं कर की रं, सोड्याच्या बाटलीगत फुस्स करून हवा जाईल." मला पटत नाही, पण त्यांच्या अनुभवापुढं माझं काय चालणार! शिवाय मालक म्हणतात, हे पाण्यासारखंच, पेटत नाही. मग लेबलवर वर्तुळावर ज्वाळा कशाला छापल्यात? आणि सांडलं की पोरं लाकडाचा भुसा टाकून झाडून घेतात, ते चालतं का?

जुना रंगारी:
दादा, आधी कॅनचं. झाकणाला हात लावायचा नाही, कॅन हलवायचाही नाही. आत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतंय. त्यात उष्णता निघते, आणि उष्णतेनं तेच काम आणखी जोरात चालतं. ५० टक्केवाल्या १ लिटरातून जवळजवळ २०० लिटर ऑक्सिजन निघतो, म्हणून तर मूळ झाकणाला गॅस जायला वाट ठेवलेली असते. तुमच्या कॅनला ती राहिलीच नाही. झाकण फिरवलंत तर सगळं तोंडावर येईल.

माणसं लांब करा. लांबून होजनं कॅनवर पाणी मारत राहा आणि लेबलवरच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावा. तापमान मोजायची गन असली तर लांबूनच बघा. बाकीच्या कॅनपेक्षा हा गरम लागला, वाफ किंवा सूं सूं आवाज आला, तर शेड रिकामी करून १०१ फिरवा. मालकांची परवानगी मागत बसू नका.

मालकांचं अर्धंच खरं. ते स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटवतं. भुशात, चिंध्यांत, कॉटन वेस्टमध्ये मुरलं की पाणी उडत जातं, पेरॉक्साइड जहाल होत जातं, आणि काडी न लावता काही वेळानं आग लागू शकते. तुमच्याकडं तर चहूकडं सूतच! भुसा आजपासून बंद. सांडलं की भरपूर पाण्यानं पातळ करून धुवायचं, ईटीपीवाल्याला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बघणाऱ्याला) आधी सांगून.

शिरोलीकर:
वरच्यांनी सांगितलं ते बरोबरच. माझी भर पितळी कॉकची. बऱ्याच ठिकाणी कॅनमधून काढायला पितळी कॉक किंवा गंजका पत्र्याचा डबा वापरतात. तांबं, पितळ, लोखंडाचा गंज यांचा कण जरी आत गेला तरी विघटन भडकतं. म्हणून मापाचं भांडं प्लास्टिकचं, फक्त त्याच कामाचं. उरलेलं परत कॅनमध्ये कधीच ओतायचं नाही. कॉस्टिक सोडा शेजारी ठेवू नका. कॅन लाकडी फळ्यांवर असतील तर प्लास्टिकच्या पॅलेटवर घ्या, पण आज नको, आधी तो फुगलेला निस्तरू द्या.

आणि पायताण! आपल्याकडं पोरं चामड्याच्या चपला घालूनच स्टोअरमध्ये शिरतात. चामडं हे शोषतं आणि तेही पेट घेऊ शकतं. गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल हवाच. कातडीवर उडालं तर पांढरा डाग पडून चरचरतं, लगेच धुवा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी आणि मग थेट डॉक्टर.

धागाकर्ता:
खूप आभार. गनवर तो कॅन बाकीच्यांपेक्षा बराच गरम दाखवतोय. शेड रिकामी केलीय, १०१ ला फोन झाला, बाहेरून पाणी चालू आहे. सप्लायरनंही हेच सांगितलं, त्यांची माणसं निघालीत. काका गप्प आहेत, पण होज त्यांनीच धरलाय. एकच विचारतो, पुढं असं झाकण आलं तर त्याला आपणच भोक पाडलं तर?

जुना रंगारी:
नाही. ड्रिलचा कीस आत पडेल आणि आतलं भोकातून सांडेल ते वेगळंच. मूळचं झाकण नसेल तर कॅन गाडीतून उतरवूनच घ्यायचा नाही, आणि चलनावर तसं लिहून सप्लायरला कळवायचं.