लाईन परत येते, पण सर्व्हर उठत नाही (धंतोलीतली लॅब)

खामला_रोड
नमस्कार मंडळी. माझ्या ताईची नागपुरात धंतोलीला पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथला सर्व्हर मी सांभाळतो. उबुंटू, पोस्टग्रेसचा डेटाबेस, १ केव्हीएचा यूपीएस यूएसबीने जोडलेला, आणि बॅटरी उतरली की नीट बंद व्हावा म्हणून नट (नेटवर्क यूपीएस टूल्स) टाकलेलं.

परवा रात्री वादळ आलं. सव्वाअकराला लाईन गेली. लॉग पाहिला तर सर्व्हर अगदी शहाण्यासारखा बंद झालेला, डेटाबेसला ओरखडाही नाही. थोड्या वेळात लाईन आली, पण सर्व्हर तसाच पडून. पहाटे साडेपाचला ताईचा फोन. गाडी काढली, शटर उघडलं, बटण दाबलं. तोवर बाहेर बाकावर आठ-दहा जण उपाशीपोटी बसलेले, त्यात एक आजोबा इन्सुलिन घेणारे. त्यांना थांबवून ठेवणं मला फार लागलं.

लाईन परत आल्यावर काय करायचं, ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) आधी ‘लास्ट स्टेट’ (आधीच्याच अवस्थेत राहा) होतं, मागच्या महिन्यात मीच ‘पॉवर ऑन’ (सुरू हो) केलं. त्यानंतर दोनदा आपोआप उठला, परवा नाही. असं का? आणि मी गावाला असताना तो मोबाईलवरून सुरू-बंद करता येईल का?

हिंगणा_एमआयडीसी
भाऊ, ‘लास्ट स्टेट’ काढलं ते बरोबरच केलं. नटने नीट बंद केलं की शेवटची अवस्था ‘बंद’ हीच ठरते, मग लाईन आली तरी तो बंदच राहणार.

परवाचं कारण वेगळं आहे. ‘पॉवर ऑन’ काम करतं ते सर्व्हरचा पुरवठा पूर्ण तुटून परत आला तर. तुझा सर्व्हर बंद झाला तेव्हा यूपीएसमध्ये थोडा जीव होता, आणि तो संपायच्या आत लाईन आली. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही! मग तो कशाला उठेल? आमच्या कारखान्यात हे समजायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

उपाय असा: बंद होताना सगळ्यात शेवटी सर्व्हरनेच यूपीएसला सांगायचं, ‘आता माझा पुरवठा काप, आणि लाईन असेल तेव्हा परत दे.’ नटमध्ये ही सोय आहे. नटमधला यूपीएसमॉन (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) सर्व्हर बंद करताना एक खुणेची फाईल टाकतो, ती दिसली की अगदी शेवटच्या टप्प्यात नटचा ड्रायव्हर (यूपीएसशी बोलणारा भाग) यूपीएसला ही आज्ञा देतो. तुझ्या कॉन्फिगमध्ये ‘पॉवरडाउनफ्लॅग’ची, म्हणजे ही फाईल कुठे टाकायची ते सांगणारी, ओळ आहे का बघ. यूएसबी ड्रायव्हरमध्ये ‘ऑफडिले’ (आज्ञेनंतर पुरवठा कापायला लागणारा वेळ) मुळात २० सेकंद आणि ‘ऑनडिले’ (पुरवठा परत द्यायला लागणारा वेळ) ३० सेकंद असतो. ऑनडिले नेहमी मोठा हवा.

काही स्वस्त यूपीएस लाईन चालू असताना ही आज्ञा पाळतच नाहीत. म्हणून तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नको. आधी बॅकअप घे, लॅब बंद असताना प्लग उपट, आणि सर्व्हर बंद व्हायला लागला की लगेच प्लग परत लाव. खरी परीक्षा तीच.

बर्डी_रिपेअर
दादा, मी सीताबर्डीवर यूपीएसच दुरुस्त करते. बॅटरी किती जुनी आहे? ती २५ अंशांच्या हिशेबाने बनवलेली असते, आणि ढोबळ मानाने दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात रात्री कूलर बंद करून कुलूप लावलेल्या खोलीत काय होत असेल, विचार करा. टेबलावर येणाऱ्या बॅटऱ्या कडेने फुगलेल्या असतात, केसिंगमधून निघत नाहीत. यूपीएस तरीही १०० टक्के दाखवतो. त्या आकड्यावर जाऊ नका, नेहमीचा लोड जोडून बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळात मोजा.

आणि यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर लाईन गेल्याचं त्याला कळतच नाही, इन्व्हर्टर संपेपर्यंत.

हिंगणा_एमआयडीसी
ताई बरोबर बोलल्या. आता मोबाईलचं. मदरबोर्डवर आयपीएमआय (सर्व्हर बंद असतानाही तो दुरून हाताळायची सोय) असेल तर तिथूनच सुरू-बंद कर. नसेल तर लॅबमध्ये एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) ठेव. पुरवठा मिळाला की तो आपोआप उठतो. त्याच्यावरून वेक-ऑन-लॅनचं पॅकेट (बंद सर्व्हरला नेटवर्कवरून उठवणारा संदेश) सोड. हे पॅकेट राउटर ओलांडून जात नाही, म्हणून पाय त्याच नेटवर्कमध्ये हवा. बायोसमधलं ‘ईआरपी’ (वीज वाचवायची सेटिंग) बंद ठेव, नाहीतर बंद सर्व्हरच्या नेटवर्क कार्डला वीजच मिळत नाही.

बाहेरून लॅबच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड (सुरक्षित व्हीपीएन) वापर. आयपीएमआयचं ६२३ पोर्ट इंटरनेटवर कधीच उघडू नको, हात जोडून सांगतो. आणि सर्व्हर बंद करायची एसएसएच की (दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली) वेगळी बनव, जिला फक्त शटडाउनचीच परवानगी असेल.

खामला_रोड
रविवारी दुपारी तपासलं. पॉवरडाउनफ्लॅगची ओळ होती, पण फाईलचा मार्ग चुकीचा. तो सुधारला. प्लग उपटला, पडद्यावर ‘सिस्टिम बंद होत आहे’ आलं तसा परत लावला. पंखे थांबले. मग यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि त्याचा दिवा विझला. खोलीत एकदम शांतता. मी मनात आकडे मोजत उभा. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’, आणि सर्व्हरचे पंखे भरारा फिरले! ताई दारातूनच म्हणाली, ‘झालं का रे?’ तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा उठला.

बॅटरीचं मात्र बर्डीवाल्या ताई म्हणाल्या तेच निघालं. पडद्यावर २२ मिनिटं, घड्याळात ६. सर्व्हर बंद व्हायला २ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणून आता ५० टक्क्यांवरच बंद व्हायला सांगितलंय. उद्या बर्डीवर येऊन नवी बॅटरी नेतो. पाय आणि वायरगार्डचं पुढच्या रविवारी.